एका घोडीवरून

गेल्या महिन्यात पणजीच्या एका गुडघ्यांच्या डॉक्टरनं मला सांगितलं, "आजी, ऑपरेशन नको असेल तर एक नवा उपाय आहे. तुमचंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं आणि त्यातला कामाचा भाग परत तुमच्याच गुडघ्यात सोडायचा." सांगताना त्याचा चेहरा असा, की विहीर खणताना आत्ताच पाणी लागलंय.

मला हसू आलं. शेजारी माझी नात मेघा बसली होती, तिनं दंडाला चिमटा काढला.

"नवा कसला रे, बाबा," मी म्हटलं. "हे घोड्यांचं औषध. साखळी गावात, माझ्या लॅबमध्ये, माझ्या मेजावर तयार व्हायचं."

त्यानं मेघाकडे बघितलं. म्हातारं माणूस काही बोललं की तरुण माणसं एकमेकांकडे बघतात, तसं. मग मी अगदी गोड आवाजात विचारलं, "याचा गुण येतो म्हणता, तो कोणाच्या तुलनेत?"

तो माझी फाईल चाळायला लागला. परत येताना गाडीत मेघा म्हणाली, "आजी, तू मुद्दाम करतेस." करते. पण तो प्रश्न माझा नव्हे. मी आयुष्यभर शहाण्यासारखे जे काही दोन-चार प्रश्न विचारले, ते सगळे उसनवारीचे. हा घोडेबाईचा.

घोडेबाई म्हणजे डॉक्टर सुलक्षणा गावस. पेडण्यातलं इब्रामपूर तिचं गाव. मोठ्या शहरात शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात तिनं वर्षानुवर्षं काढली आणि मग एक दिवस जीपमध्ये सगळा संसार घालून बापाच्या काजूबागेत राहायला आली. संसार म्हणजे कपड्यांची एक पेटी आणि बाकी सगळी यंत्रं. लग्न केलं नव्हतं. का, असं कोणी विचारलं की म्हणे, "मी माणसाचे पाय बघते, तोंड बघायचं राहून जातं."

हे खोटं नव्हतं. ती खरंच पायच बघायची. साखळीच्या बाजारात माझ्या लॅबच्या दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चाली वाचायची. "हा डावा पाय वाचवतोय. ती बाई कंबरेतून चालते, गुडघा वाकवत नाही. तो बघ, पाव विकणारा पोदेर, सायकलवरून उतरला की कसा चालतो." एकदा एका लग्नात नवरा मंडपात शिरताना मला कोपरानं ढोसून म्हणाली, "उजवा घोटा जुना मोडलेला आहे. मुलीकडच्यांना सांगितलंय का?"

बसायची मात्र नाही. खुर्ची दिली तर तिच्यावर पिशवी ठेवायची आणि स्वतः उभी. या पायावरून त्या पायावर भार टाकत, तासन् तास. घोडे उभ्यानंच झोपतात म्हणतात. हिला ती विद्या त्यांच्याकडूनच मिळाली असावी. पायांत पुरुषी गमबूट, केस कानापर्यंत कापलेले, खिशात कायम भाकरीचा तुकडा. तो तुकडा घोड्यासाठी असायचा, पण घोडा भेटला नाही तर स्वतःच खायची. अनोळखी माणूस समोर आला की आधी हात पुढे करायची, पालथा. नमस्कार नव्हे, हुंगायला. घोड्याला असंच भेटायचं असतं. सवय लागलेली. माझ्या नवऱ्यानं पहिल्यांदा बिचाऱ्यानं त्या हाताला हात जोडले होते.

मी तेव्हा तरुण होते. म्हणजे पन्नाशी उलटलेली, पण सत्तरीच्या उंबऱ्यावरून मागे बघितलं की ते तारुण्यच. काय माझा थाट! साखळीला बाजारात रक्ततपासणीची लहानशी लॅब, एक जनेल, म्हणजे खिडकी, रस्त्याकडे, एक मागच्या गल्लीकडे. शिक्षणानं मी तंत्रज्ञ; पण कांजी घातलेला पांढरा कोट, गळ्यात पेन आणि चेहऱ्यावर पावडर असं सगळं लेवून बसले की नवखा माणूस मला डॉक्टर म्हणायचा, आणि मी त्याची चूक दुरुस्त करायची नाही. पेशंटच्या दंडात सुई घालताना म्हणायची, "मुंगी चावल्यासारखं होईल." तीस वर्षं हेच वाक्य. मुंगी चावली की कसं होतं हे मला माझ्या दंडावर कधी बघायचं नव्हतं.

गोव्यात दुपारी बाजार झोपतो. त्या वेळेला एकदा मी शटर अर्धं ओढून जेवायला बसले होते, तर शटरखालून गमबूट दिसले.

"यंत्र रिकामं आहे?"

"कसलं यंत्र?"

"रक्त फिरवायचं. माझं बिघडलंय. रक्त गरम आहे, वेळ नाही."

माझ्याकडे रक्त आणणारी माणसं असं 'गरम आहे' म्हणून सांगत नसत. मी हात धुऊन उठले. तिनं बर्फाच्या डब्यातून काढाव्यात अशा थाटात खिशातून नळ्या काढल्या. अंगाच्या उबेत ठेवल्या होत्या. जाड, मोठ्या नळ्या. मी स्टँडवर लावल्या आणि यंत्र पुसायला वळले. परत बघते तर रक्त आपलं आपण वेगळं झालेलं. लाल खाली बसलेलं, वर पाणी. माणसाचं रक्त असं करत नाही. ते सावकाश बसतं, तासभर घेतं. आणि वरचं ते पाणी पिवळंधम्मक, हळदीच्या पानावर पडलेल्या उन्हासारखं.

माझ्यातली डॉक्टर लगेच जागी झाली. कोट नीट केला, चष्मा वर केला आणि गंभीर आवाजात म्हटलं, "माफ करा, पण पेशंटची कावीळ फार पुढे गेलीय. घरच्यांना कल्पना द्या."

घोडेबाईनं माझ्याकडे बघितलं. मग भाकरीचा तुकडा तोंडात घालून चावत म्हणाली, "घरचे गवत खातायत. त्यांना काय कल्पना देऊ?"

घोड्याचं रक्त असंच असतं. पिवळं पाणी आणि चटकन बसणारं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि विचारायचा तर माझा स्वभाव नव्हता. त्या दिवसानंतर ती मला रस्त्यात हाक मारायची, "काय गो कावीळबाई!" आणि मी तिला "घोडेबाई". अशी आमची दोस्ती.

तिचं काम सांगायला सोपं आहे, करायला नाही. घोड्याच्या पायाच्या मागे, गुडघ्याखाली, एक जाड दोरीसारखा स्नायुबंध असतो. सगळं ओझं त्याच्यावर. तो ताणून आतून फाटला की घोडा लंगडतो. ती मानेतल्या शिरेतून घोड्याचंच रक्त काढायची, माझ्या यंत्रात एकदा हळू फिरवायची, वरचं पिवळं घेऊन परत एकदा जोरात फिरवायची. तळाशी जो इवलासा थर राहतो, त्यात रक्त थांबवणाऱ्या पेशी दाटीनं असतात. जखम झाली की शरीर त्यांनाच आधी धाडतं. तो थर ती सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत नेमका फाटलेल्या जागी सोडायची. "शरीराला आठवण करून द्यायची," म्हणायची, "की इथं काम अर्धवट राहिलंय." सांध्यासाठी आणखी एक प्रकार होता. रक्त काचेच्या मण्यांवर घालून उबेत ठेवायचं, की ते स्वतःच सूज उतरवणारी द्रव्यं सोडतं. मी म्हटलं, "म्हणजे विरजणच की." तर म्हणाली, "विरजणाचं बरं असतं. दही लागलं की नाही ते सकाळी कळतं."

इतका सोपा उपाय हातात असलेली बाई किती मिरवेल! मी असते तर दारावर पाटी लावली असती. ही उलट. देशोदेशीचे शोधनिबंध छापून आणायची, माझ्या मेजावर पाव आणि काळा चहा घेऊन उभ्यानं वाचायची आणि पेन्सिलीनं समासात खुणा करायची. "हे बघ. घोडे बरे झाले म्हणतात. किती घोडे? मोजके. बाजूला बिनऔषधाचे किती ठेवले? एकही नाही. विश्रांती सगळ्यांनाच दिलेली. मग बरं कशानं केलं, रक्तानं की विश्रांतीनं?" एका निबंधात पांढऱ्या पेशी ठेवा, दुसऱ्यात काढा. प्रत्येकाची रक्त फिरवायची रीत वेगळी, म्हणून एकाचं औषध ते दुसऱ्याचं औषधच नव्हे. "पूर्वी नुसतं लिहायचे, घोडा परत धावला. आता निदान विचारायला तरी लागलेत, की ज्यानं घोडा तपासला त्याला ठाऊक होतं का, कुठल्याला औषध दिलंय? चांगलं चाललंय. पण अजून काही ठरलेलं नाही."

"मग तू देतेस कशाला?"

"दुसरं काय देऊ? देते, आणि खोटं बोलत नाही. बस."

म्हणून तो तिचा प्रश्न. आमटी छान झालीय म्हटलं तरी, "कोणाच्या तुलनेत?" माझ्या नवऱ्यानं नवा शर्ट घालून विचारलं कसा दिसतो, तर मी उत्तर द्यायच्या आत ती, "कोणाच्या तुलनेत?"

मी मात्र बाजारभर सांगत सुटले होते. माझं यंत्र घोडे बरे करतं! परिणाम असा की नारळवाले तातू एका दुपारी मागच्या जनेलाकडे येऊन कुजबुजले, "गो शशी, माका तां घोड्याचा इंजेक्शन दी. कोणाक सांगू नको." मी त्यांना घोडेबाईपुढे उभं केलं. तिनं त्यांना गल्लीत चालवलं, परत बोलावलं, परत चालवलं, खाली वाकून पोटऱ्या चाचपल्या आणि म्हणाली, "तातू, घोड्याला मी आधी खुराक कमी करायला सांगते. तुम्ही भात कमी कराल?" तातूंनी परत कधी घोड्याचं नाव काढलं नाही.

आता बाबलोकडे यायला हवं. इतका वेळ टाळत होते.

बाबलो मूळचा सिंधुदुर्गातला. खाणीवर ट्रक चालवायला आला आणि डिचोलीतच राहिला. खाणी बंद पडल्या तेव्हा सगळ्यांच्या दारात ट्रक उभे राहून गंजले. यानं आपला विकून टाकला आणि शर्यतीतून काढलेली एक तपकिरी घोडी आणली. पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत दिल्ली-मुंबईची माणसं येऊन लग्नं लावतात, त्यांना नवरा मिरवायला घोडी लागते. कागदावर तिचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. बाबलोनं तिला नाव दिलं राणी. ट्रकचंही तेच होतं. पाटी वाया जाऊ नये म्हणून ती तबेल्याच्या दारावर ठोकली. तबेला म्हणजे ट्रक उभा राहायचा तोच मांडव, वर तीच ताडपत्री.

घोडीशी तो ट्रकसारखाच बोलायचा. सकाळी तिच्या पायांवर थाप मारून बघायचा, चाकांची हवा बघतात तशी. बायको कुठल्या तरी आजारानं आधीच गेलेली, मूलबाळ नाही. घरात जिवंत काय ते ही घोडी. ती चालली तर चूल पेटायची आणि, मला वाटतं, ती चालली तरच तो सकाळी उठायचा.

राणीचा पुढचा पाय वाळूत ओढला गेला. लंगडायला लागली. घोडेबाईनं पडद्यावर बघितलं. त्या दोरीच्या ऐन मध्यभागी काळं भोक.

रक्त काढायच्या दिवशी मी हट्टानं गेले. माझं यंत्र, मला बघायचा हक्क नको? कोट घालून गेले, कांजीचा. घोडेबाईनं मानेवरचे केस कापले, अंगठ्यानं शीर दाबून फुगवली, माझ्या करंगळीएवढी सुई आत सरकवली आणि म्हणाली, "मुंगी चावल्यासारखं होईल हां, राणी." एवढंच मला आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा मी गवताच्या गंजीवर होते, कोटाला शेण होतं, बाबलो ताडपत्रीच्या तुकड्यानं वारा घालत होता आणि घोडी मान वळवून माझ्याकडे बघत होती. तिच्या मानेत सुई तशीच. हलली नव्हती.

औषध गेलं. मग खरं काम. "आता चालवायची," घोडेबाई म्हणाली. "उन्हाआधी. मऊ जमिनीवर. सरळ. वळवताना मोठं वळण, आणि मी सांगेन तेवढंच. पाठीवर कोणी नाही."

थोड्या आठवड्यांत लंगडणं थांबलं. बाबलो माझ्याकडे पेढे घेऊन आला.

"शशीकाकी, बरी जाली! खडखड बंद!"

"डॉक्टरबाईला विचारलंस?"

"तां म्हणता, दुखणा गेला म्हणान बरी जाली असा नाय. अगो काकी, इंजिनाची खडखड गेली काय गाडी रस्त्यार काढूची नाय तर काय पूजा करूची?"

पण त्यानं ऐकलं. तक्रार करत, शिव्या घालत ऐकलं. पावसाळाभर रोज सकाळी तो माणूस घोडी घेऊन खाणीकडच्या जुन्या कच्च्या रस्त्यानं चालायचा. सगळे लाल, रस्ता, घोडी, बाबलो. ट्रकवाला माणूस, पायी चालणं त्याला अपमान वाटायचा. मित्र हसायचे, "बाबलो, क्लीनर जालंस मरे घोडीचो!"

तुळशीचं लग्न झालं आणि हॉटेलांचे फोन सुरू झाले.

त्या दिवशी मी परत तिथं होते, या वेळी कोट न घालता. घोडेबाई खाली बसून राणीच्या पायाला सोनोग्राफीचं यंत्र लावत होती. घोडीपाशी मात्र ती बसायची. बाबलो राणीचं डोकं धरून उभा. मला त्या पडद्यातलं काही कळत नाही, पण घोडेबाईचा चेहरा कळला. काळं भोक नव्हतं. ती जागा राखाडी, भरलेली. तिनं पुसून परत लावलं. परत बघितलं.  मग तिनं राणीला सरळ चालवलं, वळवलं, दुडक्या चालीनं नेलं. सगळे पाय सारखे.

"डॉक्टरबाय?" बाबलो म्हणाला.

मी वाट बघत होते, की आता ती म्हणणार, कोणाच्या तुलनेत. खोटं कशाला, माझ्या ओठांवर सुद्धा तेच होतं, तिची नक्कल करायला.

"बरी आहे," घोडेबाई म्हणाली.

तिच्या तोंडून मी तो शब्द त्याआधी ऐकला नव्हता. बाबलोनं तोंड घोडीच्या मानेत लपवलं. घोडेबाई उठली, खिशातला भाकरीचा तुकडा राणीला दिला आणि माझ्याकडे बघून हसली. शाळेतल्या पोरीसारखी. सांगते, त्या क्षणी तिला पांढऱ्या पेशीही आठवत नव्हत्या आणि बाजूला ठेवायचे बिनऔषधाचे घोडेही. समोर एक घोडी होती आणि ती नीट चालत होती. "एकच लग्न," एवढंच म्हणाली. "नुसती चालेल. नाचवायची नाही."

बाबलोनं नाचवली नाही. हे मी चार माणसांना विचारून खात्री केलेलं आहे. टेम्पोतून किनाऱ्याला नेली, नवरा बसवला, लगाम स्वतःच्या हातात ठेवला, चालीनं चालला. वरातीत कोणीतरी फटाक्यांची माळ लावली, अगदी पायांजवळ. राणी मागच्या पायांवर उभी राहिली. नवरा घसरून खाली उतरला, त्याला काही झालं नाही. राणी खाली आली ती त्या पायावर.

घोडेबाईला निरोप गेला. ती पोचली तोवर वरात पुढे निघून गेली होती. ढोल लांबून ऐकू येत होते म्हणे. ती सांगत नसे. मला हे टेम्पोवाल्यानं सांगितलं. पाय खुराच्या वर लोंबत होता. घोडीनं तिला ओळखलं आणि मान पुढे केली, खिशाकडे. घोडेबाईनं भाकरी दिली. ती चावत असतानाच दुसऱ्या हातानं सुई दिली. या वेळी मुंगीचं काही बोलली नाही.

घोडा पुरणं ही सोपी गोष्ट नव्हे. बाबलोच्या मित्रांनी, तेच हसणारे, एक जेसीबी आणला. खाणी बंद असल्यामुळे तो उभाच होता. डिचोलीकडे आणून खाणीच्या कडेला लाल मातीत खड्डा खणला. मी गेले. जेसीबीवाल्यानं इंजीन बंद केलं, टोपी काढली.

तेव्हा घोडेबाई म्हणाली, "थांबा."

तिनं पिशवीतून सुरी काढली आणि घोडीच्या पायापाशी गुडघ्यांवर बसली. मला आधी कळलंच नाही. बाबलोला कळलं.

"डॉक्टरबाय, आता किद्याक? मेली ती."

"आतलं बघता येत नाही रे, बाबलो," ती मान वर न करता म्हणाली. "जिवंत घोड्यात कोणालाच बघता येत नाही. सगळे पडदा बघतात."

मित्रांपैकी एकानं शिवी हासडली. बाबलोनं हात वर करून त्याला गप्प केलं. मग तो खाली बसला आणि त्यानं तो पाय धरून ठेवला, तिला कापता यावा म्हणून.

या खेपेला मी पडले नाही. तिनं कातडं बाजूला केलं आणि ती दोरी मोकळी केली. पांढरी, चकाकणारी, रेशमाच्या लडीसारखी. आणि मध्ये ती जागा, जिथं आम्ही रक्त सोडलं होतं. भरलेली होती. घट्ट, फिकट, लाकडाच्या गाठीसारखी. आजूबाजूच्या रेशमाचा तिच्यात एक धागा नव्हता. तुटलं होतं ते तिच्या काठाला लागून, जिथं गाठ संपते आणि रेशीम सुरू होतं तिथं.

घोडेबाईनं त्या गाठीवरून अंगठा फिरवला. कितीतरी वेळ.

बाबलो बघत होता. त्यानं विचारलं, अगदी हळू, "मगे, औषध लागला काय नाय?"

तो काय मागत होता हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. एक शब्द. हो म्हटलं असतं तर फटाकेवाल्याला शिव्या घालून तो घरी गेला असता. नाही म्हटलं असतं तर हिला शिव्या घालून गेला असता. कसाही, पण गेला असता.

घोडेबाईनं मान वर केली. तिच्या गालांवर लाल माती होती आणि तिच्यातून पाणी ओघळत होतं.

"एका घोडीवरून," ती म्हणाली, "काही सांगता येत नाही."

मी तिच्यावर तेव्हा इतकी चिडले होते! परतीची सगळी वाट मनात धुमसत होते. काय मोठी शहाणी मी; म्हटलं, बाईच्या छातीत काळीज आहे की शोधनिबंध. आज वाटतं, तिला त्या खड्ड्याच्या काठावर खोटं बोलणं किती सोपं होतं. एकदा चुकून बोलली होती ना, 'बरी आहे' म्हणून. त्याचीच फेड करत होती.

पुढेही ती रक्त घेऊन यायची, फिरवून न्यायची. पण चहाला थांबेनाशी झाली. 'कोणाच्या तुलनेत' तिच्या तोंडून गेलंच. मी मुद्दाम खोड काढायची, आज पाव ताजा आहे हं. तर "हो का" म्हणायची. मग माझी लॅब मुलानं बंद करायला लावली, मी नातवंडांत पडले, आणि इब्रामपूर काय लांब आहे, तरी जाणं झालं नाही.

गेले ते तिला अर्धांगाचा झटका आल्याचं कळल्यावर. मेघानं गाडी चालवली. त्यानंतर काही महिन्यांतच ती गेली, म्हणजे हे शेवटचंच.

काजूबागेत पोचलो तेव्हा सकाळचं ऊन अजून झाडांच्या वरच होतं. घरात कोणी नाही. मागच्या अंगणातून आवाज आला, "हळू. हळू गे माजे बाय."

बाबलो होता. पार पिकला होता. त्यानं घोडेबाईचा कोपर धरला होता, आणि दोघं काजूच्या पाल्यावरून, मऊ जमिनीवरून, सरळ रेषेत चालली होती. तिचा डावा पाय ओढला जात होता. तो तिच्या पुढे अर्धं पाऊल, बाजूला, जसा घोडीपाशी राहायचा तसा. घाई नाही. कुंपणापाशी पोचल्यावर त्यानं तिला मोठं वळण घेऊन फिरवलं.

"रोज येतोस?" मी ओसरीवरून विचारलं. डिचोलीहून इब्रामपूर.

"उन्हाआदी चलवूची लागता, काकी," तो म्हणाला, जणू मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय. "तांनीच शिकवल्यान."

"सुधारणा आहे?"

बाबलोनं तिच्याकडे बघितलं. तिचं तोंड एका बाजूला ओढलं होतं, शब्द फुटत नव्हता. मला वाटलं तो म्हणेल, हो, बरीच. त्यानं पाय पुढे टाकला, तिच्या पायाची वाट बघितली.

"आज चलली," तो म्हणाला.

मी पायऱ्या उतरून त्यांच्याकडे निघाले. गुडघा तेव्हाच दुखायला लागला होता, पण मी कोणाला सांगितलं नव्हतं, मेघालाही नाही. चेहरा हसरा ठेवून, पाठ ताठ ठेवून, कांजीच्या कोटातल्या त्या बाईसारखी चालत गेले.

घोडेबाई थांबली. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. खाली बघितलं, माझ्या पायांकडे. या पायाकडे, मग त्या पायाकडे. आणि तिचा चांगला हात सावकाश वर आला आणि एक बोट माझ्या डाव्या गुडघ्याकडे वळलं.

"तांका कळला," बाबलो म्हणाला, आणि तिला पुढे घेऊन गेला.